अम्मी, तंबूची गाडी आणि सोंगकुलचा रस्ता

आमची पुतणी बिश्केकला डॉक्टरीच्या चौथ्या वर्षाला आहे. किर्गिझस्तान हे नाव आता आपल्या घरांना नवं राहिलेलं नाही. कुणाचा भाचा ओशला, कुणाची मुलगी बिश्केकला, असं दर मोहल्ल्यात ऐकू येतं. पण मुलांना विमानात बसवून दिलं की आपलं तिथलं काम फीचे पैसे पाठवण्यापुरतं उरतं. पुतणीचा बाप कुवेतला, त्याला सुट्टी नाही. चार वर्षांत घरातलं कुणी तिच्याकडे गेलं नव्हतं. गेल्या रमजानमध्ये तरावीहनंतर चहा घेताना अम्मीने विषय काढला, "पोरीला बघून येऊया. मीसुद्धा येणार."

अम्मीचं वय सदुसष्ट. रक्तदाबाची गोळी चालू, गुडघे कुरकुरतात, डोकं मात्र आमच्या सगळ्यांपेक्षा चालतं.

आमच्या मुलाने त्याच आठवड्यात बेत मांडला: हॉटेल, टूरवाला असलं काही नको. गाडी भाड्याने घ्यायची, तीतच झोपायचं, तीतच रांधायचं, आणि दहा दिवस डोंगरांतून फिरायचं. पहिल्यांदा आम्ही हसलो. मग हिशेब केला तेव्हा हसू थांबलं. सहा माणसांच्या टूरपेक्षा ते स्वस्त पडत होतं. शिवाय वजू, नमाज, अम्मीचं दर तासाला उतरणं, यासाठी दुसऱ्याच्या ड्रायव्हरची तोंडं बघायला नकोत. तिथला सोम सध्या जवळजवळ आपल्या रुपयाएवढाच आहे, त्यामुळे हिशेब करणंही सोपं.

आता "तीतच झोपायचं" म्हणजे काय, ते सांगायला हवं. परदेशी सिनेमात दिसते तशी बाथरूम-पलंगवाली लांबलचक बस त्या रस्त्यांवर चालत नाही. तिथे चालतात त्या चारही चाकांना जोर देणाऱ्या उंच गाड्या, बहुतेक जुन्या जपानी. छपरावर घडीचा तंबू बसवलेला असतो, शिडी लावून वर चढायचं. मागच्या डिकीत शेगडी, भांडी, पाण्याचे कॅन. फोटो बघून मुलं खूश झाली. अम्मीने शिडीचा फोटो बोटांनी मोठा करून पाहिला आणि एवढंच म्हणाली, "रात्री दोनदा उठावं लागतं मला." त्या एका वाक्यावर आमची गाडी बदलली. शेवटी छपरावर एक तंबू, आत मागची सीट आडवी करून दोघींचा बिछाना, एक तंबू जमिनीवर, आणि अधूनमधून गेस्ट हाऊसची रात्र, असं ठरलं.

मुलाने पसंत केलेल्या एका गाडीचं स्टिअरिंग उजव्या हाताला होतं, आपल्यासारखंच. आम्हाला वाटलं, बरं झालं, हाताला सवय आहे. पुतणीने फोनवरच थांबवलं. तिथे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. उजव्या स्टिअरिंगची गाडी घेतली तर चालवणारा कडेच्या बाजूला बसतो, आणि पुढच्या ट्रकला मागे टाकायचं म्हटलं तर समोरून काय येतंय ते त्याला दिसतच नाही. शेजारी बसलेल्याने सांगायचं, "ये, ये, थांब!" असं. आम्ही डाव्या स्टिअरिंगची गाडी घेतली. पहिला दिवस वायपर आणि इंडिकेटरची अदलाबदल करण्यात गेला, पण जीव शाबूत राहिला.

आंतरराष्ट्रीय लायसन्स आपल्या आरटीओतूनच मिळतं आणि वर्षभर चालतं. मुलाने आपलं काढलं. मुलगी म्हणाली, माझंही काढा. मुलाने चेष्टा केली, "तू वरंधा घाटात हॉर्नच जास्त वाजवतेस." तरी आम्ही दोन काढली. करारात दुसऱ्या चालकाचं नाव लिहायला थोडे जास्त पैसे पडले, ते त्या वेळी खटकले होते.

करार वाचणं हे कंटाळवाणं काम आहे, पण सफरीतलं सर्वांत महत्त्वाचं काम तेच. आमच्या करारात विम्याबाहेर काय काय होतं ते लाल शाईने लिहून काढलं: टायर, काच, गाडीचं पोट, आणि ओढा ओलांडताना इंजिनात गेलेलं पाणी. म्हणजे नेमकं त्या रस्त्यांवर जे होण्याचा संभव तेच. आम्ही एकाऐवजी दोन स्टेपन्या मागितल्या. ओढ्याबाबत नियम केला: आधी चालत जाऊन पाणी बघायचं, गुडघ्याला लागलं तर परत फिरायचं. डोंगरातले ओढे बर्फाचं पाणी आणतात, त्यामुळे ते सकाळी कमी आणि दुपारनंतर जास्त असतात, हेही तेव्हाच कळलं.

आता मुख्य गोष्ट, ज्यावरून घरात दोन दिवस अबोला झाला.

किर्गिझस्तान क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या सुमारे दोन-तृतीयांश. पण त्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग १,५०० मीटरच्या वर आहे. आपलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटर. तिथला इस्सिक-कुल तलाव, ज्याच्या वाळूत लोक उन्हाळ्यात पोहायला जातात, त्याचं पाणीच १,६०७ मीटरवर. म्हणजे त्यांचा समुद्रकिनारा आपल्या महाराष्ट्राच्या माथ्याला टेकलेला. आणि मुलाला जायचं होतं सोंगकुलला, ३,०१६ मीटरवर, दुसऱ्याच दिवशी.

सोंगकुलचे फोटो ज्याने पाहिले त्याला मुलाचं मन कळेल. चहूकडे डोंगरांची कड, मध्ये निळं पाणी, एकही झाड नाही, नुसतं गवत. उन्हाळ्यात मेंढपाळ आपली जनावरं घेऊन तिथे वर येतात आणि नमद्याचे गोल तंबू उभारतात. त्याला ते बोझ-ऊय म्हणतात. तंबूच्या माथ्यावरचं गोल झरोक्याचं लाकडी चक्र म्हणजे तुंदुक, तेच त्यांच्या राष्ट्रध्वजावर आहे. पुतणी एकदा मैत्रिणींबरोबर तिथे एक रात्र राहिली होती. तिने तिथल्या आकाशाचं वर्णन केलं तेव्हापासून अम्मीच्याही मनात ती रात्र घर करून बसली होती. आम्हाला हे माहीत नव्हतं, किंवा आम्ही विचारलं नव्हतं.

आम्ही आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी समजावलं. तीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने सत्तर टक्क्यांच्या आसपास राहतो, श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजनही तेवढाच. शरीर हळूहळू जमवून घेतं, पण त्याला दिवस लागतात. घाई केली तर डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, झोप न लागणं सुरू होतं. हे दुर्लक्षून तिथेच थांबलं तर छातीत किंवा मेंदूत पाणी साचण्यापर्यंत मजल जाते, आणि ते जिवावर बेततं. तरुण आहे, धडधाकट आहे, म्हणून कुणी त्यातून सुटत नाही. खरा उपाय एकच, खाली उतरणं. गोळी असते, पण ती आपल्या मनाने घ्यायची नाही, विशेषतः ज्यांना काही औषधांची ॲलर्जी आहे त्यांनी.

घरी येऊन आम्ही नकाशा जमिनीवर पसरला आणि प्रत्येक मुक्कामासमोर उंची लिहिली. तोवर आम्ही फक्त किलोमीटर लिहीत होतो. उंचीचा रकाना भरल्यावर एक गोष्ट दिसली, जी फोटोंत कधी दिसत नाही. सोंगकुल हे परातीसारखं आहे. आपण तळाशी, आणि परातीचा काठ वर. कोचकोरकडे जाणारा कल्माक-आशू घाट ३,४०० मीटरहून उंच, दक्षिणेचा मोल्दो-आशूही तलावाच्या वरून जातो. आशू म्हणजे खिंड. म्हणजे रात्री दोन वाजता कुणाला त्रास झाला तर त्याला खाली न्यायला आधी आणखी वर चढवावं लागणार, अंधारात, खडीच्या वळणांवरून.

हे दिसल्यावर आम्ही दोघांनी, रात्री बसून, बेत बदलला. अम्मीसाठी सोंगकुल रद्द. ती आणि आमच्यापैकी एकजण खाली कोचकोरला राहतील, मुलं वर जाऊन येतील. सकाळी अम्मीला सांगितलं. आम्हाला वाटलं ती म्हणेल, बरं बाबांनो.

ती काही बोलली नाही. दुपारी जेवायलाही नीट बसली नाही. दुसऱ्या दिवशी फजरनंतर म्हणाली, "डॉक्टरांकडे गेलात, मला नाही नेलंत. माझ्या जिवाचा हिशेब माझ्या पाठीमागे केलात. मी काय सामान आहे, वर न्यायचं की खाली ठेवायचं?"

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. आपण म्हाताऱ्या माणसांची काळजी घेतो, आणि काळजी घेता घेता त्यांना विचारायचंच विसरतो. बहुतेक घरांत हे होत असेल.

त्या दिवशी अम्मी स्वतः डॉक्टरांकडे गेली. अर्धा तास बसली. काय विचारलं ते आम्हाला सांगितलं नाही, पण परत आली ती एक वही घेऊनच. आमच्या धाकट्या मुलीने तेव्हा ती हदीस आठवण करून दिली: तीन माणसं सफरीला निघाली तर त्यांनी आपल्यातल्या एकाला अमीर करावं. "मग आपली अमीर दादी," ती म्हणाली. मुलगा गप्प होता, त्याला वाटत होतं गाडी तो चालवणार म्हणजे अमीर तोच. मशवरा झाला आणि अम्मी अमीर झाली.

तिच्या वहीतला रस्ता असा होता. बिश्केकहून, साधारण ८०० मीटरवरून, इस्सिक-कुलला. तलावाच्या उत्तरेने काराकोल, तिथे दोन रात्री. मग दक्षिण किनाऱ्याने परत येऊन कोचकोर, १,८०० मीटर. तिथून दोलोन घाटाने नारिन. हा घाट तीन हजारांच्या किंचित वर आहे, पण आपण तो ओलांडून पुन्हा दोन हजारांवर झोपतो. नारिनला दोन रात्री, मधल्या दिवशी ताश-राबातला जाऊन परत. ताश-राबात ३,२०० मीटरच्या आसपास. म्हणजे दिवसा उंच जायचं, रात्री खाली झोपायचं. शरीर शिकतं. त्यानंतर सोंगकुल, सगळ्यांनी, एक रात्र. आणि खाली ठळक अक्षरांत: "असरपर्यंत कुणाचंही डोकं दुखलं, मळमळलं, तर मगरिबच्या आत उतरायचं. कुणीही म्हणजे कुणीही. वाद नाही."

असरवरून आमच्या घरात वेगळाच विनोद. आम्हा दोघांत एकजण कोकणातला शाफई, एक औरंगाबादकडचा हनफी. हनफींची असर शाफईंपेक्षा तासभर उशिरा लागते. अम्मी म्हणाली, "माझ्या मसलकाची असर." आणि तो विषय संपला. सफरीत शाफईंना जुहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र करता येतात, हनफी मंडळी आपापल्या वक्तालाच पढतात. गाडी चालवताना याचा फार फरक पडतो. जुलैत तिथे सूर्य आठच्या पुढे मावळतो, इशा रात्री उशिरा आणि फजर चारच्या आत. कसर-जमाचे मसले निघण्यापूर्वी आपल्या इमामसाहेबांना विचारून कागदावर लिहून घ्या. रस्त्याच्या कडेला वाद घालण्यापेक्षा ते बरं. किबलाही बदलतो: आपल्याकडे तो पश्चिमेला किंचित उत्तरेकडे झुकलेला, तिथे नैर्ऋत्येच्या बाजूला. सवयीने मावळतीकडे तोंड करून उभं राहायचं नाही.

सामानात भांडण झालं ते कुकरवरून. मुलगा म्हणाला वजन नको. अम्मी म्हणाली कुकर येणार. शेवटी कुकरची बाजू विज्ञानाने घेतली. तीन हजार मीटरवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी दाणे टणक. प्रेशर कुकरला हवेच्या दाबाची फिकीर नाही, तो आपला दाब आपणच तयार करतो. गॅसचे डबे मात्र विमानातून नेता येत नाहीत, ते बिश्केकला घेतले. आणि तंबूच्या किंवा बंद गाडीच्या आत शेगडी पेटवायची नाही, कितीही थंडी असो. त्या धुराला वास नसतो, माणूस झोपेत जातो. हा नियम वहीत दोनदा लिहिलेला होता.

करोनाच्या काळातलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटरही घेतलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की वर गेल्यावर आकडा नव्वदीच्या आसपास दिसला म्हणून घाबरू नका, आणि आकडा चांगला आहे म्हणून डोकेदुखीकडे काणाडोळाही करू नका. माणसाकडे बघा.

विमानतळावर पुतणी दिसली तेव्हा अम्मी पाच मिनिटं काही बोलू शकली नाही. पोरगी बारीक झाली होती. दहा दिवसांत ती आमची दुभाषी, वाटाड्या आणि डॉक्टर झाली. तिथे रशियन आणि किर्गिझ दोन्ही चालतात, आपलं इंग्रजी शहराबाहेर फारसं उपयोगी नाही. पण "सलाम अलैकुम" आणि "रहमत", म्हणजे धन्यवाद, एवढ्यावर अर्धी कामं होतात. तिसरा शब्द पुतणीने पाठ करून घेतला: शिनोमोन्ताझ. टायरवाल्याच्या दुकानावरची पाटी. तो शब्द आपल्या पंक्चरवाल्याइतकाच मोलाचा आहे.

काराकोलची मशीद पाहताना अम्मी बराच वेळ पायरीवर बसून राहिली. ती दुंगन लोकांनी बांधली, म्हणजे चीनमधून आलेल्या चिनी भाषा बोलणाऱ्या मुसलमानांनी. १९१० मध्ये पुरी झाली. सगळी लाकडाची, खिळ्याशिवाय जोडलेली, छपराचे कोपरे वर वळलेले, बाहेरून पाहिलं तर चिनी देऊळच वाटावं. सोव्हिएत काळात काही वर्षं ती बंद होती. आता अजान होते. अम्मी म्हणाली, "आपल्याकडे कौलारू मशीद, यांच्याकडे अशी. ज्याच्याकडे जे लाकूड, जी माती." दुंगनांचे थंड, आंबट-तिखट शेवयांचे वाडगे, आश्लान-फू, मुलांनी तिथे दोनदा खाल्ले.

खाण्याचा प्रश्न आपल्याला सोपा वाटतो कारण देश मुसलमानांचा आहे. तसा तो आहेही, पण दारू सर्रास मिळते, म्हणून विचारून खावं. दोन गोष्टींवर घरात चर्चा झाली. घोड्याचं मांस शाफई मसलकात जायज, इमाम अबू हनीफांनी ते मकरूह मानलेलं. गंमत म्हणजे तिथले हनफी ते आवडीने खातात, आणि आमच्यातल्या शाफईंनी ताटाला हात लावला नाही. घोडीचं आंबवलेलं दूध, किमिझ, त्यात थोडा मद्यांश असतो. ते आम्ही छातीवर हात ठेवून, "रहमत" म्हणून नाकारलं. यजमानांना वाईट वाटलं नाही, त्यांनी लगेच चहा, नान आणि साय पुढे केली.

इस्सिक-कुल १८० किलोमीटर लांब आहे, हिवाळ्यातही गोठत नाही, पाणी किंचित खारट. दक्षिण किनाऱ्यावर लाल मातीच्या कड्यांजवळ आम्ही पहिल्यांदा तंबू लावला. वाऱ्याने छपराचा तंबू रात्रभर फडफडला आणि वर झोपलेली दोन्ही मुलं पहाटे खाली येऊन जमिनीवरच्या तंबूत घुसली. त्यानंतर गाडी नेहमी टेकाडाच्या आडोशाला लावली.

नारिनला पोहोचायच्या आधी टायर गेला. स्टेपनी लावली, पण फाटलेला टायर दुरुस्त करून घेणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी मुलगा शिनोमोन्ताझ शोधत नारिनला थांबला, आणि आमची धाकटी मुलगी आम्हाला ताश-राबातला घेऊन गेली. दुसरी स्टेपनी होती म्हणूनच हे जमलं. रस्ता चांगला होता, शेवटी दरीतला खडीचा. डोंगराच्या कुशीत दगडी कारवाँसराय, पंधराव्या शतकातली म्हणतात, मध्ये घुमट, भोवती काळोख्या खोल्या. चीनकडे जाणारे-येणारे व्यापारी तिथे उतरत. अम्मीने एका खोलीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "यांच्याकडेही कुणीतरी अमीर असेल. उंटांचा हिशेब ठेवणारा." दोन तास थांबून आम्ही खाली आलो. कुणालाही काही झालं नाही. मुलगा तेवढा वर आला नव्हता. तेव्हा हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

सोंगकुलला नारिनकडून, मोल्दो-आशूने चढलो. टाकी नारिनलाच भरून घेतली, वर पंप नाही. हवा विरळ झाली की गाडीचं इंजिनही दमतं. कोकणात दुसऱ्या गिअरमध्ये जी चढ ओढते ती तिथे पहिल्यात. वळणावर वळण, प्रत्येक वळणावर एखादी गाय किंवा घोडा निवांत उभा. मुलगा छान चालवत होता. साडेअकराला शेवटचं वळण संपलं आणि समोर पाणी दिसलं. गाडीत कुणी बोललं नाही. अम्मीने सुबहानल्लाह म्हटलं ते आम्हाला ऐकू आलं.

एका मेंढपाळ कुटुंबाजवळ, त्यांना विचारून, गाडी लावली. गवत ओलं असलं तर चाक रुतवायचं नाही, मळलेल्या वाटेवरच राहायचं. अम्मीने कुकर लावला. पहिल्या शिट्टीला तीन पोरं धावत आली. दुसऱ्या शिट्टीला त्यांची आई. खिचडी झाली, त्यांच्याकडून ताजी भाकरी आली, आमच्याकडून लोणचं गेलं. लोणचं खाऊन त्या बाईंचा चेहरा जो झाला त्यावर सगळे हसले, तिच्यासकट.

मुलगा हसत नव्हता. तो गाडीला टेकून बसला होता. चारला म्हणाला, ऊन लागलंय. साडेचारला त्याने खिचडी ओकली. पुतणीने त्याला सरळ रेषेत चालायला लावलं, ते जमलं, श्वासही ठीक होता. पण डोकं ठणकत होतं. आम्ही म्हणालो, जरा पडू दे, बरं वाटेल. त्यानेही तेच म्हटलं, "मला काही नाही. दादीची रात्र आहे."

अम्मीने वही उघडलीही नाही. असर पढली, मुसल्ल्याची घडी केली आणि म्हणाली, "सामान आवरा."

"दादी, एक रात्र..."

"वाद नाही असं लिहिलंय. तुझ्यासाठीच लिहिलंय असं नाही, पण तुझ्यासाठीही लिहिलंय."

मेंढपाळ बाई काय ते समजली. तिने पावाचे उरलेले तुकडे फडक्यात बांधून दिले. साडेपाचला आमची धाकटी स्टिअरिंगवर बसली. कल्माक-आशूचा चढ आधी, मग लांबच लांब उतार. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, गाडी खालच्या गिअरमध्ये सोडायची, हे तिला वरंधाने शिकवलं होतं. मेंढ्यांचा एक कळप रस्ताभर पसरलेला, दहा मिनिटं थांबावं लागलं. तिने एकदाही हॉर्न वाजवला नाही. मागच्या सीटवर मुलगा डोळे मिटून, डोकं दादीच्या खांद्यावर.

डांबरी रस्ता लागला तेव्हा अजून उजेड होता. कोचकोरला पोहोचलो, गेस्ट हाऊसच्या अंगणात मगरिब पढलो. दहाच्या सुमारास मुलाने चहा मागितला आणि दोन नान खाल्ले. पुतणी म्हणाली, उतरल्यामुळे. आम्हालाही ते दिसत होतं. वर एक रात्र काढली असती तर काय झालं असतं, यावर कुणी बोललं नाही. अशी दुखणी बहुधा पहिल्या रात्री वाढतात, हे त्या पोरीने आम्हाला बिश्केकला परतल्यावरच सांगितलं.

निघायच्या आदल्या दिवशी अम्मीने वहीतलं शेवटचं पान भरलं. आमच्या ओळखीतली दोन घरं पुढच्या उन्हाळ्यात जाणार आहेत, त्यांना ती वही द्यायची आहे. त्यात लिहिलंय: दुसऱ्या चालकाचं लायसन्स काढाच. स्टेपन्या दोन. कुकरची रिंग एक जास्त. लोणचं दोन बरण्या, एक वाटायला. ताश-राबातला सगळ्यांनी जायचं, टायर नंतर बघायचा. आणि त्याखाली, तिच्या तिरक्या अक्षरांत, सोंगकुल: रात्र बाकी.

पुतणीची आणखी दोन वर्षं आहेत. अम्मीने परवा गुडघ्याच्या डॉक्टरांची वेळ घेतली, एकटीच गेली.